गिळता येईल असं काही

थोरली आणि धाकटी या दोन जावा. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. "थोरलीकडून घेऊन ये", "धाकटीला विचार, तिला ठाऊक असेल", एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. थोरली छप्पन्न वर्षांची, अंगानं भरलेली, बोलायला कमी. धाकटी तिच्याहून बारा वर्षांनी लहान. ती सकाळी एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी करायची आणि दुपारनंतर घरातले सगळे कागद सांभाळायची. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, नवऱ्याच्या लायसनचं नूतनीकरण, सगळं तिच्याकडे. नवरा मालट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले चार-पाच दिवस घरी. थोरलीचा नवरा, म्हणजे धाकटीचे भाऊजी, तीन वर्षांपूर्वी गेले होते. तेव्हापासून त्या घरात बहुतेक वेळ या दोघीच असायच्या, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

भाऊजी गेले त्याच्या आधी चौदा महिने त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण गिळणं गेलं. पाणी प्यायले तर ठसका, भात खाल्ला तर ठसका. इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी थोरलीच्या हातात एक छापील कागद दिला. जेवण कसं असावं ते त्यात लिहिलं होतं. चमचा तिरका केला की सगळं एका गोळ्यानं खाली पडलं पाहिजे. चमच्याला चिकटून राहता कामा नये आणि पाण्यासारखं ओघळताही कामा नये. एक साल, एक दोरा, एक बी, काही चालणार नाही. चुकून गेलंच, तर ते घशातून पोटात न जाता फुप्फुसात उतरेल.

पहिले दोन महिने थोरलीनं उकडून, वाटून, गाळून जे काही पुढे ठेवलं ते भाऊजींनी औषधासारखं गिळलं, आणि नंतर नंतर तोंड फिरवायला लागले. तेव्हा ही बाई इरेला पेटली. गाजर उकडण्याआधी भाजून बघितलं. कांदा मंद आचेवर तासभर परतून मग वाटला. कोंबडीचं पाणी आटवलं, बटाट्यात लोणी घातलं, भोपळ्यात लिंबाचे चार थेंब. आणि सगळं बारीक चाळणीतून एकदा नाही, दोनदा. चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून तिचा उजवा अंगठा कायमचा थोडा वाकडा झाला. पण भाऊजी जेवायला लागले. शेवटपर्यंत जेवले.

ते गेल्यावर वॉर्डातल्या नर्सबाईंनी एकदा विचारलं, "आमच्या एका पेशंटला काहीच चालत नाहीये. त्यांना थोडं करून द्याल का?" थोरलीनं दिलं. एकाचे दोन झाले, दोनाचे सात. कागदाच्या दुकानदाराची आई होती, जिभेचं ऑपरेशन झालेली शिंपीण होती, शाळेच्या बसवाल्याची बायको होती. आणखीही तिघं होती. थोरली पहाटे उठून करायची, सगळं भराभर थंड करून झाकणाच्या डब्यांत भरायची, आणि धाकटी शाळेत जाता जाता डबे पोचवायची. लोक पैसे द्यायचे, त्यातून सामान यायचं आणि वर थोडं उरायचं.

सातवे होते घड्याळजी.

घड्याळजी एकटे राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या दुकानात त्यांनी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आणि मग एके दिवशी अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण वाचा गेली आणि गिळणंही बिघडलं. बोलायचं ते कागदाच्या चिठ्ठीवर. अक्षर मुंगीएवढं, पण मोत्यासारखं. रिकाम्या डब्यात रोज एक चिठ्ठी यायची. 'गाजर ठीक. मीठ कमी.' 'काल बटाटा कुठला घेतला होता? परत घेऊ नये.' 'आजचं सूप म्हणजे सूप.' थोरलीला लिहिता-वाचता बेताचंच यायचं. धाकटी वाचून दाखवायची आणि थोरली म्हणायची, "खवचट आहे म्हातारा." पण दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडलेलं असायचं.

मग धाकटीनं तो अर्ज केला.

पुढं जे झालं ते सगळं त्या अर्जापासून झालं, आणि हे धाकटी कुणी न सांगता स्वतःच म्हणायची. तक्रार कुणी केली नव्हती. कुणाला काही झालं नव्हतं. औषधांच्या दुकानात एक पत्रक चिकटवलेलं होतं, 'घरच्या स्वयंपाकघरातून खाद्यपदार्थ विकता? नोंदणी करा.' आणि औषधवाला म्हणाला होता, "वहिनी, तुमच्या डब्यावर नोंदणीचा नंबर असला ना, तर मी माझ्या फ्रीजमध्ये ठेवीन. रोज कुणी ना कुणी विचारतंच." धाकटीला ते पटलं. आपण काही चोरीचं काम करत नाही, मग कागदावर असायला काय हरकत आहे? कागद म्हटला की तसाही तिच्या अंगात उत्साह संचारायचा.

अर्ज नऊ पानांचा होता. घरात जनावर आहे का, पाणी कुठून येतं, स्वयंपाकघरात कुणी झोपतं का, संडासाचं दार कुठल्या बाजूला उघडतं. धाकटीनं तीन दुपारी बसून एकेक रकाना भरला. खिडकीत येऊन बसणाऱ्या मांजराबद्दलसुद्धा खरं ते लिहिलं. मांजर शेजाऱ्यांचं आहे, आत येत नाही. आणि 'पदार्थाचे वर्णन' या रकान्यात लिहिलं, 'मऊ जेवण, गिळता न येणाऱ्या रुग्णांसाठी.' लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं होतं. एवढ्या स्वच्छ शब्दांत आपलं काम तिनं आधी कधी वाचलंच नव्हतं.

तपासनीस बाई आली ती एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. तिशीच्या आतली, खांद्याला काळी बॅग. आत येण्याआधी चपला काढल्या, केसांवर कागदी टोपी चढवली, हात धुतले. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून थंडपणा मोजला. ओट्याखाली वाकून बघितलं, नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं, चाळणी उजेडात धरून तिच्या जाळीतून पलीकडे पाहिलं. थोरली भिंतीला टेकून उभी होती. नवी सून स्वयंपाक करते आणि सासू बघत राहते, तसं तिचं झालं होतं, फरक एवढाच की इथं सासू वयानं निम्मी होती.

"काकू," तपासनीस बाई म्हणाली, "खरं सांगते, माझ्या आईचं स्वयंपाकघर इतकं स्वच्छ नाही."

थोरली हसली. धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिनं चहा टाकला.

बाई खुर्चीवर बसली, बॅगेतून अर्ज काढला आणि चौथं पान उघडलं.

"हे मऊ जेवण म्हणजे नक्की काय? सूप?"

धाकटीनं सांगितलं. भाज्या, कोंबडी, भाजून, शिजवून, वाटून, गाळून. सकाळी करायचं, बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून थंड करायचं, दुपारच्या आत पोचवायचं.

"आणि खाणारे सगळे आजारी?"

"आजारी म्हणजे, गिळता येत नाही त्यांना."

"तेच." बाईनं पेनाला टोपण लावलं. "ताई, घरातून विकायच्या पदार्थांची यादी असते. जे बाहेर ठेवलं तरी नासत नाही, तेवढंच त्यात येतं. बिस्किटं, टोस्ट, पाव, जॅम, भाजलेले दाणे. ओलं, शिजवलेलं, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं असं काहीही घरच्या स्वयंपाकघरातून विकता येत नाही. त्यातून मांसाचं तर नाहीच. आणि रुग्णांसाठी म्हटलं की त्याचे नियम वेगळेच. त्याला स्वतंत्र जागा लागते, राहत्या घराला न जोडलेली. भाज्यांचं, मांसाचं आणि भांड्यांचं बेसिन वेगळं. थंड करायचं यंत्र. प्रत्येक घाण्याचा नमुना प्रयोगशाळेत."

"पण तुम्हीच म्हणालात ना आत्ता, स्वच्छ आहे म्हणून."

"आहेच स्वच्छ."

"मग?"

बाईनं चहाच्या कपाकडे बघितलं, पण उचलला नाही. "दोन वर्षांपूर्वी एका बाईंच्या घरून सूप जायचं. तुमच्यासारख्याच होत्या, टापटिपीच्या. एक दिवस भांडं मोठं होतं, मधला भाग नीट थंड झाला नाही. चार जण आजारी पडले. त्यातला एक उठला नाही. त्या घरातले डबे मीच गोळा केले होते. त्या बाई मला सारखं विचारत होत्या, मी काय चुकले ते सांगा. मला सांगता आलं नाही."

थोरली पुढे आली.

"ती यादी परत वाच बघू, बाळा."

बाईनं वाचली. बिस्किटं, टोस्ट, पाव, जॅम, दाणे.

"ह्यातलं एकही माझ्या माणसांना गिळता येत नाही," थोरली म्हणाली.

"हो, काकू. मला कळतंय."

"तू आलीच नाहीस असं नाही का होणार?"

"अर्ज माझ्या हातात आहे. त्यावर लिहिलंय. आता मला न पाहिल्यासारखं करता येत नाही." तिनं एक छापील कागद भरला, धाकटीची सही घेतली. आजपासून विक्री बंद. बिस्किटांसाठी वगैरे नोंदणी हवी असेल तर हाच अर्ज चालेल, असंही सांगितलं, आणि चौथ्या पानावरची ओळ खोडून तिथं 'बेकरी पदार्थ, सुके' असं लिहायला लावलं. धाकटीनं स्वतःच्या हातानं खोडलं. मग बाई चपला घालून निघून गेली. चहावर साय धरली होती.

धाकटी जावेकडे बघायला धजत नव्हती. थोरलीनं कप उचलला, मोरीत ओतला, विसळला. मग पाठमोरीच म्हणाली, "तू विचारलंस कशाला गं?"

एवढंच. त्यानंतर हा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर धाकटीला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून धाकटी अन्नखात्याच्या ऑफिसात गेली. कारकुनांशी कसं बोलायचं हे तिला ठाऊक होतं, ती स्वतःच त्यातली. तीन खिडक्या फिरून ती एका मोठ्या साहेबापुढे बसली. साहेब सज्जन होता, आणि त्यामुळेच सगळं अवघड झालं. खेकसणारा माणूस असता तर भांडता आलं असतं.

"बाई, दुसऱ्या कुणाची परवाना असलेली जागा काही तास वापरायला घ्या," तो म्हणाला.

"बेकरीवाले देतील मागची खोली, मी विचारलंय."

"बेकरीत पीठ उडतं, दाणे असतात. रुग्णांचं अन्न तिथं चालणार नाही."

"मग नुसतं द्यायचं? पैसे न घेता?"

"शेजाऱ्याला वाटीभर सूप दिलंत तर मी कोण विचारणार? पण सात घरी रोज म्हटलं की ते वाटप झालं. वाटपालाही हाच नियम."

"त्यांच्या घरी जाऊन करून दिलं तर?"

"ते चालेल. त्यांचं स्वयंपाकघर, त्यांचं सामान, तुम्ही नुसते हात. त्याला आमचं काही म्हणणं नाही."

धाकटी धावतपळत घरी आली. पण सात घरं, सात चुली, आणि दोन तासांच्या आत कुठलंच सूप होत नाही. थोरलीच्या गुडघ्यांनी तर कधीच हात टेकले होते. तिनं दोन दिवस करून बघितलं. तिसऱ्या दिवशी बसवाल्याच्या जिन्यावर ती खाली बसली ती उठेचना. बसवाल्यानंच तिला उचलून घरी आणून सोडलं.

मग सहा घरं आपापल्या वाटेला लागली. कागदवाल्याच्या सुनेनं दोन दुपारी येऊन सगळं शिकून घेतलं. पोरगी हुशार होती, तिला जमलं. शिंपिणीच्या नवऱ्यानं औषधवाल्याकडून पावडरीचे डबे आणले, पाण्यात ढवळलं की खळीसारखं व्हायचं. शिंपीण रस्त्यात भेटली तेव्हा तिनं नुसते खांदे उडवले. बसवाल्याच्या बायकोला तिच्या बहिणीनं गावाला नेलं. कुणी थोरलीला बोल लावला नाही. सगळे म्हणाले, तुम्ही तरी काय करणार. आणि ते ऐकलं की धाकटीला घास उतरायचा नाही.

घड्याळजींना ना सून होती, ना बहीण. लांबच्या शहरात एक पुतण्या होता, तो दर महिन्याला फोन करायचा. फोनवर घड्याळजींना बोलता यायचं नाही, म्हणून ते नुसतं ऐकायचे आणि रिसीव्हरवर नखानं टकटक करायचे, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

थोरली म्हणाली, "साहेब म्हणाला ना, शेजाऱ्याला वाटीभर दिलं तर चालतं? मग ह्या एकाला देऊ. पैसे नकोत."

धाकटीनं डबा नेला, सगळं समजावून सांगितलं. घड्याळजींनी ऐकून घेतलं, पॅड ओढलं, लिहिलं, 'फुकट नको.'

"अहो, फुकट कुठं? शेजारधर्म म्हणून."

'पन्नास वर्षांत एक किल्लीही फुकट फिरवून दिली नाही, घेतलीही नाही.'

"बरं, मग आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद आहे, ते दुरुस्त करून द्या."

घड्याळजींनी उजवा हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. त्यांनी तो हात तिला तसाच थोडा वेळ दाखवला आणि मग मांडीवर ठेवला. डबा तिला परत न्यावा लागला.

चार दिवस त्यांनी पावडर खाल्ली. पाचव्या दिवशी औषधवाल्यानं निरोप दिला, म्हाताऱ्यानं दुधात पाव बुडवून खाल्ला आणि निळा पडला होता, खालच्या दुकानदारानं पाठीवर थापा मारल्या म्हणून वाचला. थोरलीनं गुडघ्याला पट्टा बांधला, चाळणी पिशवीत घातली आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून तीन मजले चढली. प्रत्येक जिन्यावर दम खात.

"शिकायचं का?" तिनं दारातच विचारलं. "पैसे देऊन शिका. शिकवणी घ्यायला कुठल्याही साहेबाचा नियम आड येत नाही."

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले आणि बऱ्याच दिवसांनी हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं.

त्यानंतरचे सहा आठवडे बरे गेले म्हणायचे. एक दिवसाआड थोरली वर जायची. घड्याळजींच्या खोलीत खिडकीला लागून कामाचं टेबल होतं, वर भिंग आणि दिवा. त्यांनी तोच दिवा स्वयंपाकाच्या ओट्यावर आणून ठेवला. गाजर कसं भाजायचं, कांदा केव्हा काढायचा, हे ते एखादं नवं यंत्र उघडावं तसं शिकले. मिनिटं लिहून ठेवायचे, आच कमी कधी केली तेही. सूप झालं की चमच्यातला थेंब भिंगाखाली धरायचे आणि एखादा दोरा दिसला की थोरलीला दाखवून लिहायचे, 'हा कुणाचा?'

"माझा नाही," थोरली म्हणायची. "तुम्ही चाळलंत ना."

अडचण होती ती चाळण्याची. चाळायला जोर लागतो आणि हात स्थिर लागतो. घड्याळजींजवळ आता दोन्ही नव्हतं. एक वाटीभर चाळायला त्यांना पाऊण तास लागायचा, आणि ते होईपर्यंत ते इतके दमायचे की खायची वासना उडून जायची. थोरली वर असली की ती चाळायची. नसली की ते स्वतः. मिक्सर होता, पण मिक्सरमध्ये दोरे तसेच राहतात. धाकटीनं मोठा मिक्सर आणून दिला, जाळीची दुसरी चाळणी शोधली, पायानं फिरवायचं एक यंत्र कुठं मिळतं का तेही विचारून आली. मिळालं नाही.

"दोन्ही दिवसांचं मी करून ठेवते," थोरली म्हणाली होती. "तुमच्याच घरात, तुमच्याच फ्रीजात."

पण तिचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी पंधरा दिवस जिना चढायला बंदी घातली. तेवढे दिवस धाकटी जायची, शाळेतून परस्पर. तिचा हात थोरलीइतका तयार नव्हता, पण चाळून द्यायची. एका शनिवारी शाळेत तपासणी आली आणि तिला संध्याकाळपर्यंत सुटका मिळाली नाही. तिनं औषधवाल्याला फोन करून निरोप ठेवला, की आज पावडर खा, मी उद्या येते. निरोप पोचला. घड्याळजींनी मान डोलावली.

रविवारी सकाळी ती गेली तेव्हा घड्याळजी पलंगावर बसून होते आणि छाती घरघरत होती. ओट्यावर पातेलं होतं. आत कोंबडीचं सूप, मिक्सरमधून काढलेलं, न चाळलेलं. वास अगदी थोरलीच्या सुपासारखा. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. कांदा बरोबर परतला होता, मीठ बरोबर होतं. फक्त शेवटचं राहिलं होतं. पॅडवर लिहिलेलं होतं, 'कंटाळा आला होता. वास चांगला येत होता.'

अँब्युलन्समध्ये धाकटी त्यांचा हात धरून बसली. हात तापला होता.

इस्पितळात न्यूमोनिया निघाला. डॉक्टरीण म्हणाली, अशा पेशंटचं हे आज ना उद्या होतंच, गिळण्याचा स्नायू हळूहळू आणखी कमजोर होत जातो. कुणामुळे असं काही नसतं. धाकटीनं विचारलं, "नीट चाळलेलं असतं तर?" डॉक्टरीण म्हणाली, "कदाचित आणखी काही महिने निघाले असते. कदाचित नाही. मला सांगता येणार नाही." म्हणजे दोष द्यायला कुणी सापडेना, आणि दोष जाईही ना.

चौथ्या दिवशी गुडघ्याची पर्वा न करता थोरली आली. इस्पितळाला लिफ्ट होती, हे एक बरं. पिशवीत डबा होता, टॉवेलात गुंडाळलेला. वॉर्डाच्या दारातल्या नर्सनं तो बाहेरच ठेवायला सांगितला. बाहेरचं अन्न आत न्यायचं नाही. थोरलीनं वाद घातला नाही. डबा बाकावर ठेवला आणि आत गेली. घड्याळजींच्या नाकात नळी होती. नळीतून पिवळट पातळ काहीतरी थेंब थेंब उतरत होतं.

थोरली पलंगाशेजारी बसली. तिला इतकं बोलताना धाकटीनं आधी कधी ऐकलं नव्हतं. बाजारात भोपळा किती पाणचट येतोय ते सांगितलं. कागदवाल्याच्या सुनेनं सूप जाळलं ते सांगितलं. मांजराला पिल्लं झाल्याचं सांगितलं. घड्याळजी ऐकत होते. मग त्यांनी नळीकडे बोट दाखवलं, तोंडाकडे दाखवलं आणि तळहात आडवा हलवला. तोंडात काही जात नाही, चव लागत नाही, असं काहीसं. थोरलीनं त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि खाली मान घातली.

आठवड्यानं पुतण्या आला. वाईट माणूस नव्हता, घाईत होता. त्यानं आपल्या शहरातल्या एका शुश्रूषागृहात सोय केली, खोली रिकामी केली, कामाचं टेबल खालच्या दुकानदाराला देऊन टाकलं. दोघी जावांना हात जोडून म्हणाला, "तुम्ही खूप केलंत." घड्याळजींना स्ट्रेचरवरून गाडीत चढवलं तेव्हा थोरली रस्त्याच्या कडेला उभी होती. त्यांनी तिला पाहिलं की नाही, ते नक्की सांगता येणार नाही.

नोंदणीचा कागद त्यानंतर तीन आठवड्यांनी पोस्टानं आला. शिक्का, सही, नंबर, सगळं यथासांग. 'बेकरी पदार्थ, सुके.' तो कागद धाकटी फाडायला निघाली होती. थोरलीनं तिच्या हातातून घेतला.

"फाडून काय होणार? घरात बसून मी तरी काय करू?"

आणि तिनं बिस्किटं करायला घेतली. लोण्याची, साधी. हात तो हातच. बिस्किटं अशी व्हायची की तोंडात टाकताच विरायची. औषधवाल्यानं काउंटरवर बरणी मांडली, नंबराची चिठ्ठी लावली, आणि बरणी दोन दिवसांत रिकामी व्हायला लागली. शाळेतले मास्तर मागवू लागले. बेकरीवाला चेष्टेत म्हणाला, "थोरल्या वहिनी, आमच्या पोटावर पाय देऊ नका." थोरली त्याच्यापुरतं हसली. घरी कुणी बिस्किटांची तारीफ केली की म्हणायची, "ही काय, कुणालाही येतात."

तपासनीस बाई एकदा पाहणीला येऊन गेली. सगळं ठीक आहे असं लिहून दिलं. या वेळी तिनं चहा घेतला. कपातलं संपल्यावर हलकेच विचारलं, "काकू, ती माणसं कशी आहेत हो? ज्यांना तुम्ही द्यायचात ती?" थोरलीनं रिकामा कप उचलला. धाकटीनं सांगितलं, सगळं, घड्याळजींचंही. बाई मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी वर कळवलं होतं. अशा कामासाठी वेगळी सोय हवी म्हणून. उत्तर आलं नाही अजून." तिच्या आवाजावरून धाकटीला कळलं, की उत्तर येईल असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं.

पुढच्या सोमवारी दुपारी दाराची कडी वाजली. धाकटीनं उघडलं. एक अनोळखी बाई उभी होती, अंगावर कारखान्याचा निळा डगला, हातात इस्पितळाचा तोच छापील कागद.

"इथं मऊ जेवण करून मिळतं म्हणे. वॉर्डातल्या नर्सबाईंनी पत्ता दिला. माझ्या वडिलांसाठी हवंय."

"आता आम्ही नाही करत," धाकटी म्हणाली. "परवानगी नाही त्याची."

बाईला नीट समजलं नाही. तिनं कागद पुढे केला, जणू धाकटीनं तो वाचला की काम होईल. "त्यांना काहीच जात नाहीये हो. मी जास्त पैसे देईन."

"पैशांचं नाही."

आतून थोरली बाहेर आली. हाताला पीठ होतं. तिनं तो कागद वाचला नाही, नुसता पाहिला. "आत ये, बस," ती म्हणाली. "मी तुला दाखवते कसं करायचं ते. दोन तास लागतील."

बाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं, म्हणून मग मनगटावरच्या. "माझी पाळी तीनला सुरू होते. सुटते ती रात्री. सकाळी पोरांचं, आणि त्यांचं अंग पुसायचं... शिकायला वेळ असता तर विकत घ्यायला कशाला आले असते?"

"रविवारी ये."

"रविवारी ओव्हरटाइम असतो." तिचा आवाज चढला नव्हता, ती नुसती मोजून सांगत होती. "बरं, बघते काहीतरी."

ती वळली. मग तिला बहुतेक वाटलं असावं, की एवढ्या लांबून येऊन, दार उघडायला लावून, तसंच निघून जाणं बरं दिसत नाही. ओट्यावर बिस्किटांची पाकिटं भरून मांडली होती, तिकडे बघून ती म्हणाली, "ही विकायची आहेत का?"

"हो," धाकटी म्हणाली. "ही विकायची आहेत."

"मग एक द्या. पोरं खातील."

थोरलीनं पाकीट दिलं. पैसे घ्यायला तिचा हात पुढे होईना, म्हणून ते धाकटीनं घेतले. बाई पायऱ्या उतरून गेली, डगल्याच्या खिशात पाकीट कोंबत. दोघी जावा दारात उभ्या राहिल्या. ओव्हनमधल्या दुसऱ्या ताटाचा करपल्यासारखा वास यायला लागला, तेव्हा थोरली आत गेली.